राज्याचे डोळे आणि घराचा उंबरठा

(नेरे, ता. पनवेल येथे केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



नेरे परिसर आता 'नैना' क्षेत्रात आला आहे. जमिनीचे व्यवहार खात्यांतून होतात आणि त्यांची बोलणी मोबाईलवर. अशा वेळी एक प्रश्न साहजिकच मनात येतो. आपले खाते आणि आपले बोलणे शासनाने किती पाहावे? कोणी म्हणतात, "ज्याच्या मनात पाप नाही, त्याला भीती कसली?" कोणी म्हणतात, "शासनाने काहीच पाहू नये." दोन्ही उत्तरे अपुरी आहेत.

दुसऱ्या उत्तराचा प्रथम विचार करू. १९९३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत आपल्याच रायगड जिल्ह्यातील दिघी आणि शेखाडी येथे शस्त्रे व स्फोटके उतरवली गेली. १२ मार्च रोजी मुंबईत २५७ निरपराधांचे प्राण गेले. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात दहशतवादी आणि त्यांचे पाकिस्तानातील सूत्रधार यांची संभाषणे आपल्या यंत्रणांनी ऐकली. तीच पुढे न्यायालयात महत्त्वाचा पुरावा ठरली. राज्याने डोळे आणि कान बंद ठेवावेत, असे हे सारे पाहिलेला मुंबई-रायगडचा माणूस तरी म्हणणार नाही.

परंतु रायगडच्या किनाऱ्याने आणखी एक धडा दिला आहे. ज्यांच्यावर पहाऱ्याची जबाबदारी होती, त्या कस्टम व पोलीस खात्यांतील काही जण लाच घेऊन कटाला साहाय्य केल्याबद्दल न्यायालयात दोषी ठरले. पाहण्याचा अधिकार होता. निष्ठा विकली गेली होती. म्हणून "पाप नाही तर भीती कसली" हे उत्तरही टिकत नाही. भय केवळ स्वतःच्या पापाचे नसते, पाहणाऱ्याच्या लोभाचेही असते. मोबदल्याची रक्कम कोणाच्या खात्यात केव्हा जमा झाली, ही माहिती दलालाच्या हाती गेली तर त्या कुटुंबाचे काय होईल, हे आपण जाणता.

कौटिल्याने राज्यासाठी हेरांचे जाळे आवश्यक मानले. पण एका हेराच्या शब्दावर विसंबू नये, तिघांचे सांगणे जुळले तरच विश्वास ठेवावा, असेही त्याने सांगितले. पाळत हवी, पण पाळत ठेवणाऱ्यावरही पाळत हवी, हे सूत्र आपल्या परंपरेत नवे नाही. आणीबाणीत 'मिसा'खालील बंदिवानांची पत्रेही तपासली जात. राज्यकर्ता विरोधकालाच राष्ट्रशत्रू समजू लागला की पाळतीचे काय होते, हे त्या पिढीला वेगळे सांगावे लागत नाही.

आता कायदा पाहू. फोन ऐकण्याचा अधिकार १८८५ च्या इंग्रजी तार कायद्यातून आला. सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता ही त्याची पहिली अट होती. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला बंधने घातली : आदेश गृहसचिवांचा हवा, त्याला मुदत हवी, त्याचा फेरविचार व्हायला हवा. २२ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईच्या एका व्यावसायिकाच्या प्रकरणात निकाल दिला. बँक अधिकाऱ्याला लाच दिल्याच्या आरोपावरून त्याचा फोन ऐकला गेला होता. आरोप गंभीर होता. पण त्यातून सार्वजनिक सुरक्षितता धोक्यात आल्याचे शासन दाखवू शकले नाही. न्यायालयाने तिन्ही आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणाच्या प्रती नष्ट करण्यास सांगितले. लाचखोराला मोकळे सोडा, असा याचा अर्थ नाही. त्याला पकडण्याचे इतर मार्ग कायद्यात आहेत. देशरक्षणासाठी दिलेले शस्त्र प्रत्येक कामाला वापरायचे नसते, एवढाच त्याचा अर्थ.

आज दूरसंचार अधिनियम २०२३ आणि त्याखालील २०२४ चे नियम आहेत. तरीही एक उणीव कायम आहे. आदेश देणारे अधिकारी, तो तपासणाऱ्या समितीतही अधिकारीच. न्यायाधीश त्यात कोठेही नाही आणि ज्याचे बोलणे ऐकले गेले त्याला ते नंतरही कळवले जात नाही. मुंबईच्या त्या व्यावसायिकाला खटल्यामुळे समजले. ज्याच्यावर खटलाच होत नाही, त्याने दाद कोठे मागावी?

पैशाच्या बाबतीत पद्धत वेगळी आहे. मोठे रोख व्यवहार आणि संशयास्पद व्यवहार बँका केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाला कळवतात. हवाला आणि दहशतवादाचा पैसा रोखायचा तर हे आवश्यकच आहे. पण २०१८ च्या आधार निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक बँक खात्याला व मोबाईलला आधार जोडण्याची सक्ती रद्द केली, कारण काही थोड्या गुन्हेगारांसाठी सर्वांनाच संशयित मानता येत नाही. आयकर अधिनियम २०२५ मध्ये झडतीच्या वेळी संगणकीय साठ्याचे परवलीचे शब्द ओलांडण्याचा अधिकार आला आहे. त्यालाही हीच कसोटी लावली पाहिजे : कारण लेखी आहे का, मुदत आहे का, उत्तरदायी कोण?

बंधू-भगिनींनो, हा विषय केवळ न्यायालयांचा नाही. 'डिजिटल अरेस्ट'च्या नावाखाली पोलिसांचे सोंग घेतलेले ठग सुशिक्षित वडीलधाऱ्यांना लुटतात. कायद्यात अशी अटक नाही. मग माणसे का फसतात? शासनाच्या नावाने कोणीही, काहीही विचारू शकतो, अशी समजूत मनात घट्ट बसल्यामुळे. आदेश कोणाचा आणि कोणत्या कायद्याखाली, हे नम्रपणे पण ठामपणे विचारणारा नागरिक राष्ट्राचा विरोधक नसतो. तो ठगापासून घर राखतो आणि लोभी अधिकाऱ्यापासून राज्यही राखतो.

हे विचारण्याची सवय घराघरात लावावी, एवढी विनंती करून मी थांबतो.