बर्फावरची निळी सावली

बर्फाविषयी बोलण्याचा अधिकार मला नाही, हे प्रथमच सांगून टाकतो. आजवरचे सारे आयुष्य माळव्यात गेले. येथे थंडीच्या दिवसांत हरभऱ्यावर दंव पडते, फार तर पाला. बर्फ पाहिला तो गोळेवाल्याच्या गाडीवर. आमच्या घरी नाताळात गोठा मांडतात व त्याच्या छपरावर पिंजलेला कापूस पसरतात. एके काळी कापडगिरण्यांनी गजबजलेल्या इंदुरात याहून सोयीचा बर्फ कोणता मिळणार?

सांवेर रोडवरील कारखान्यांत राबणाऱ्यांची मुले माझ्या वर्गात आहेत. गेल्या हिवाळ्यात चित्रकलेचे शिक्षक रजेवर गेले आणि त्यांचा तास मजकडे आला. एका मुलीने चुना दिलेली भिंत काढली होती व तिच्यावर कडुनिंबाची सावली चक्क निळ्या रंगात रंगविली होती. मी तांबड्या शाईने शेरा मारला, ‘सावली काळी असते,’ आणि दोन गुण कापले.

पुढे काही दिवसांनी एका पुस्तकात क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराचे चित्र पाहण्यात आले. नॉर्मंडीतील एट्रेटा गावाजवळ १८६८-६९ च्या हिवाळ्यात काढलेले हे चित्र आज पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. बर्फाने झाकलेले शिवार, मागे शेतघर, पुढे कुंपण. आणि कुंपणाच्या फाटकावर एकटाच बसलेला मॅगपाय, आपल्या कावळ्याच्याच कुळातला काळापांढरा पक्षी. मनुष्य कोठेच नाही. ऊन कुंपणाच्या पलीकडून येते, म्हणून सावली अलीकडे, आपल्या बाजूला पडली आहे. ती सावली निळी आहे! १८६९ साली पॅरिसच्या सरकारी प्रदर्शनाच्या परीक्षकांनी हे चित्र नाकारले. माझ्या तांबड्या शाईला एवढी मोठी सोबत असेल, असे वाटले नव्हते.

कारण ऐकावयास सोपे आहे. सावलीत सूर्याचे किरण थेट पोहोचत नाहीत. पण माथ्यावरच्या निळ्या आकाशाचा उजेड तेथे पडतच असतो. पांढऱ्या पृष्ठभागावर तो निळेपणा उमटतो. बर्फ काय किंवा चुना काय, न्याय एकच.

हे इंदूरकराला पॅरिसहून कळावे, याची खरी लाज वाटली. दत्तात्रय देवळालीकरांनी याच शहरात मुलांना चित्रकला शिकविली. त्यांचे शिष्य नारायण श्रीधर बेंद्रे १९१० साली येथेच जन्मले, १९३६ च्या सुमारास काश्मीरला जाऊन काही वर्षे तेथे राहिले, पुढे बडोद्यास नामवंत अध्यापक झाले. बदलता उजेड रंगांनी पकडावा, ही दृष्टी इंदूरच्या निसर्गचित्रांत तेव्हापासूनच होती. मी मात्र रोज त्या भिंतीवरून शाळेत जात होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ग घेऊन त्या भिंतीपाशी गेलो. एक कोरा कागद अर्धा उन्हात, अर्धा सावलीत धरला. मुले बराच वेळ गप्प होती. मग “निळा, निळा!” असा गलका झाला. मी त्या मुलीची वही मागवून घेतली, माझा शेरा खोडला, दोन्ही गुण परत दिले आणि सर्वांदेखत म्हटले, “चूक माझी होती.”

तिने वही घेतली. पण तिचे लक्ष माझ्या पांढऱ्या सदऱ्याकडे होते.

“सर,” ती म्हणाली, “तुमच्या बाहीच्या घडीतसुद्धा आहे.”