यंत्र जागे होते तेव्हा



मरोळात संगणकावर बोलायचे म्हणजे कोल्हापुरात कुस्तीवर बोलण्यासारखे आहे. १९७३ साली सीप्झ येथे उभे राहिले आणि आपल्यापैकी कित्येकांची पोटे त्या फाटकाआड भरली. तरीही घरचा संगणक सुरू झाला नाही, की आपण सारे निरक्षर!

आमचेच सांगतो. आमच्या सोसायटीचा संगणक एके सकाळी काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळ दाखवून अडला. अर्थ एवढाच, की बूट करण्याजोगी डिस्क सापडत नाही. दुरुस्तीवाला आला आणि म्हणाला, "हार्ड डिस्क गेली. हिशेब विसरा, नवा घ्या." नऊ वर्षांचा हिशेब होता तो! आणि आम्ही माना डोलावल्या. कारण शब्दच ठाऊक नव्हते.

हार्ड डिस्क ही घरातली कोठी. वीज गेली तरी माल जागेवर. रॅम हा ओटा. कामापुरते सामान त्यावर काढायचे, वीज गेली की ओटा रिकामा. प्रोसेसर हा आचारी, आणि या सर्वांना जोडणारा तो मदरबोर्ड. आता मौज पाहा. वीज आली तेव्हा ओटा रिकामा, आणि सामान कसे काढावे ही चिठ्ठीसुद्धा कोठीतच! मग आरंभ कसा व्हावा? यासाठी मदरबोर्डावरील एका चिपमध्ये वीज गेली तरी न पुसणारी छोटी सूचनावली ठेवलेली असते. तिला बायॉस म्हणतात. नव्या यंत्रांत तिची जागा यूईएफआयने घेतली आहे. ती प्रथम अवयव तपासते, मग डिस्कवरचा बूट लोडर रॅममध्ये आणते, आणि तो विंडोज किंवा लिनक्स यांसारख्या ऑपरेटिंग सिस्टीमला उठवतो. हेच बूटिंग. आपल्याच बुटाचे पट्टे ओढून स्वतःला उचलणे, अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्प्रचारावरून हे नाव पडले.

जुनी यंत्रे या बाबतीत वेगळी होती. मुंबईतच, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, १९६० साली टिफ्रॅक हा संगणक चालू झाला. त्याची स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची. ४० बिटांचे २०४८ शब्द, म्हणजे अवघे दहा किलोबाइट. पण अशी कडी वीज गेल्यावरही आपले चुंबकत्व सोडत नाही. आजची रॅम कित्येक लाख पटींनी मोठी, परंतु विसरभोळी. असो.

दुसऱ्या दिवशी इमारतीतल्या एका कॉलेजात जाणाऱ्या मुलीने पडद्यावरची तारीख पाहिली. ती कैक वर्षे मागची होती! मदरबोर्डावर नाण्याएवढी बॅटरी असते. यंत्र बंद असताना घड्याळ चालवणे आणि पुष्कळ यंत्रांत बायॉसच्या जुळण्या सांभाळणे, हे तिचे काम. ती संपली होती. जुळण्या मूळपदावर गेल्या आणि यंत्र आमची डिस्क सोडून भलतीकडेच शोधू लागले. बॅटरी बदलली, क्रम लावला, आणि हिशेब जागच्या जागी.

डिस्क कधी जातच नाही, असे मात्र नव्हे. तेव्हा "गेली" म्हणणाऱ्याला विचारावे, बायॉसच्या यादीत तिचे नाव दिसते का? दिसत असेल तर नव्या यंत्राची घाई करू नये. आमच्या हिशेबाची दुसरी प्रत आता चिटणिसांच्या कपाटात असते.