दुधाळ तेल आणि न झिजलेलं जस्त

(कळवण येथील व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



खाऱ्या पाण्यातल्या बोटीच्या दुखण्यावर कळवणात व्याख्यान म्हटल्यावर काहींच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील. पण तुमच्यापैकी कित्येकांच्या विहिरीत सबमर्सिबल सोडलेली आहे. तिचं सील गेलं की पाणी आत शिरतं, वाइंडिंग जळतं, आणि मोटार वर काढेपर्यंत काही कळत नाही. बोटीच्या स्टर्नड्राइव्हचं दुखणं त्याच जातीचं, वर त्याला मीठ लागलेलं.

स्टर्नड्राइव्ह म्हणजे इंजिन बोटीच्या आत आणि गिअर व पंखा मागच्या फळीबाहेर, पाण्यात. स्वीडनच्या व्होल्वो पेंटाने १९५९ मध्ये ही रचना बाजारात आणली. मालवण-तारकर्लीला पर्यटकांना फिरवणाऱ्या लहान बोटींवर बहुधा आउटबोर्ड दिसतं, म्हणजे इंजिनच मागे टांगलेलं. तरी पाण्याखालचा गिअरचा डबा दोन्हींत जवळपास सारखाच, आणि दुखतो तोच.

डबा ॲल्युमिनियमचा, शाफ्ट स्टेनलेसचा. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार. एकमेकांना टेकलेले दोन वेगळे धातू अशा पाण्यात बुडवले की बॅटरी तयार होते, आणि तिच्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. लोक तांबडा गंज शोधतात आणि तो दिसला नाही की निश्चिंत होतात. ॲल्युमिनियमला तांबडा गंज चढतच नाही. रंगाला फोड येतात, फोड खरवडला की खाली पांढरी भुकटी, आणि तिच्याखाली खड्डा.

दोन धातूंचं हे वैर आरमारांना फार महागात कळलं. ब्रिटिशांनी ‘अलार्म’ या जहाजाच्या लाकडी बुडाला १७६१ मध्ये तांब्याचे पत्रे ठोकले. १७६३ मध्ये तपासलं, तर लोखंडी खिळे खाल्ले गेले होते. पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, तो कागद चुकून जिथे मध्ये राहिला, तिथले खिळे मात्र शाबूत! पुढे १८२४ मध्ये हंफ्री डेव्हीने तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडून दाखवलं की झीज त्या तुकड्यांवर ढकलता येते. गंमत अशी की तांबं झिजायचं थांबलं आणि त्यावर शिंपले-शेवाळ माजलं, म्हणून आरमाराने तो उपाय सोडून दिला. बोटींनी मात्र तो उचलला. आज ड्राइव्हवर बसवतात तो ॲनोड त्याच वंशातला.

तपासणी तिथूनच सुरू करावी. ॲनोड निम्मा झिजला असेल तर त्याने काम केलं, तो बदला. पण सहा महिने खाऱ्या पाण्यात राहूनही ॲनोड नवा कोरा दिसत असेल, तर मला जास्त धास्ती वाटते. कुणीतरी हौसेने त्यावर रंग मारलेला असतो, किंवा बोल्टखाली मळ बसून त्याचा डब्याशी संबंध तुटलेला असतो. मल्टिमीटरचं एक टोक ॲनोडवर, दुसरं डब्याच्या उघड्या धातूवर. रोध एका ओहमच्या आत हवा. आणखी एक: तुमच्या नाशिकच्या गंगापूर धरणासारख्या गोड्या पाण्यात जस्तावर थर धरतो आणि ते निकामी होतं. तिथे मॅग्नेशियम लागतं. तेच मॅग्नेशियम समुद्रात नेलं तर बघता बघता संपतं. म्हणून बोटीचं पाणी बदललं की ॲनोडही बदलायचा.

आता गळती. बोट वर ओढल्यावर रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी गिअरच्या डब्याचा खालचा स्क्रू हळूच सैल करा. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे आत असेल तर आधी तेच येईल. तेल दुधाळ असेल, तर पाणी आत असताना गिअर फिरलेत. नुसतं तेल बदलून बोट परत सोडणारे महाभाग असतात. त्यांच्याकडून बोट विकत घेऊ नये.

तेल काढून डब्यात हवेचा हलका दाब भरा, काटा उतरतो का पाहा, साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा. मग उलट, हवा ओढून पाहा. ही दुसरी चाचणी टाळू नका, कारण ओठाचं सील एका बाजूने दाब धरतं आणि दुसऱ्या बाजूने गळतं. पहिला संशय स्क्रूच्या वॉशरवर, कारण स्वस्त असल्यामुळेच तो जुना परत वापरला जातो. दुसरा पंख्यामागच्या सीलवर. पंखा काढा, शाफ्टला मासेमारीची नायलॉनची दोरी गुंडाळलेली सापडली, तर सील तिनेच कापलं असण्याचा संभव मोठा.

तेल स्वच्छ, पण बोटीच्या तळाशी पाणी? मग मागच्या फळीतल्या रबरी बेलोजकडे वळा. घड्या ताणून आतपर्यंत बघा, चीर घडीच्या तळाशी असते. सुकाणू वळवताना मागून घरघर येत असेल, तर पाणी बेअरिंगपर्यंत पोचलंय.

राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. पावसाळ्यात लहान बोटीही किनाऱ्यावर ओढून शाकारतात. बरेच जण ही तपासणी हंगाम तोंडावर आला की करतात. तोवर पाणी दोन महिने बेअरिंगवर बसलेलं असतं, आणि वॉशरच्या खर्चात भागलं असतं तिथे गिअरचा संच घ्यावा लागतो. बोट वर आली त्याच आठवड्यात तेल उतरवा, दाब धरतोय याची खात्री करा, नवं तेल भरा, मग झाप टाका.

आता तुमचे प्रश्न घेऊ. सबमर्सिबलचे विचारलेत तरी चालतील.