सिकलसेल आणि बाळाचं रक्त



सिकलसेल म्हणजे काय, हे गडचिरोलीत, नंदुरबारात किंवा पालघरच्या पाड्यांवर फारसं समजावून सांगावं लागत नाही. ‘एएस’ आणि ‘एसएस’ असे शेरे असलेले रिपोर्ट तिथल्या कितीतरी घरांत जपून ठेवलेले असतात. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. रक्तातल्या तांबड्या पेशींमध्ये प्राणवायू वाहून नेणारं हिमोग्लोबिन असतं. त्याच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल हवं, तिथे व्हॅलिन येऊन बसतं. बदल एवढाच. पण प्राणवायू सोडल्यावर हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटतं आणि गोल, लवचिक पेशी विळ्यासारखी वाकडी नि ताठर होते. निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, ही जेमतेम दहा-वीस दिवस. म्हणून रक्त कमी पडतं. शिवाय बारीक रक्तवाहिन्यांत या पेशी अडकतात आणि हाडापर्यंत जाणाऱ्या असह्य कळा सुरू होतात. थंडी, ताप, अंगातलं पाणी कमी होणं, अतिश्रम, एवढं निमित्त पुरतं.

1949 साली लायनस पॉलिंग यांनी हा रेणूचा आजार असल्याचं दाखवलं. पुढे सात-आठ वर्षांत केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रम यांनी त्या सहाव्या जागेवर बोट ठेवलं. माणसाच्या इतर कुठल्याही आनुवंशिक आजाराचं मूळ इतक्या लवकर इतकं नेमकं सापडलेलं नव्हतं. तरीही रुग्णाच्या पदरात काय पडलं? कित्येक दशकं फक्त वेदनाशामकं आणि रक्ताच्या बाटल्या. कारण कळणं आणि उपाय सापडणं यांत किती अंतर असतं, ते या आजाराइतकं क्वचितच कुठे दिसतं.

उपायाचा धागा खरं तर त्याच सुमाराला हाती आला होता. 1948 मध्ये ब्रुकलिनच्या डॉक्टर जेनेट वॉटसन यांच्या लक्षात आलं, की सिकलसेल घेऊन जन्मलेल्या तान्ह्या बाळांच्या रक्तात वाकड्या पेशी फारच कमी असतात. पहिले काही महिने ही बाळं चांगली हसती-खेळती असतात. हातापायांना सूज येणं, रक्त कमी होणं हे सगळं साधारण सहा महिन्यांनंतर सुरू होतं. असं का? कारण आईच्या पोटात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळ्या जनुकापासून बनतं, आणि त्या जनुकात हा दोष नसतो. जन्मानंतर हे गर्भातलं हिमोग्लोबिन हळूहळू बंद होतं आणि मोठ्यांचं, म्हणजे या मुलांच्या बाबतीत सदोष हिमोग्लोबिन सुरू होतं. काही जणांत मात्र ते पुरतं बंद होत नाही. भारतातल्या आणि अरबस्तानातल्या काही रुग्णांमध्ये ते मोठेपणीही बऱ्यापैकी टिकून राहतं आणि त्यांचा आजार पुष्कळदा सौम्य असतो.

मग ते बंद करतं कोण? याचं उत्तर मिळायला 2008 साल उजाडलं. बॉस्टनमध्ये विजय शंकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन यांनी दाखवून दिलं, की बीसीएल 11 ए नावाचं जनुक हे काम करतं. आजाराचा दोष अकराव्या गुणसूत्रावर आणि गर्भातलं हिमोग्लोबिन बंद करणारी ही कळ दुसऱ्या गुणसूत्रावर! मला या सगळ्या कहाणीत हाच भाग सर्वांत विलक्षण वाटतो. बिघडलेल्या जनुकाला हातही न लावता आजार आटोक्यात आणण्याची वाट इथे सापडली.

त्या वाटेवरचं औषध 2023च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने मंजूर केलं. त्याचं नाव कॅसजेव्ही. रुग्णाच्या रक्तातल्या मूळ पेशी काढून घेतात, प्रयोगशाळेत जनुकात नेमका बदल करणाऱ्या क्रिस्पर तंत्राने बीसीएल 11 ए ची कळ तोडतात आणि त्या पेशी परत शरीरात सोडतात. ऐकायला सोपं वाटतं, पण मध्ये एक अवघड टप्पा आहे. जुन्या पेशींना हटवून जागा करण्यासाठी रुग्णाला जबर केमोथेरपी घ्यावी लागते, आठवडेच्या आठवडे रुग्णालयात राहावं लागतं. मिसिसिपीच्या व्हिक्टोरिया ग्रे यांच्यावर 2019 मध्ये हा उपचार झाला आणि वर्षानुवर्षांच्या कळांमधून त्या सुटल्या. मंजुरीच्या वेळी ज्या 31 रुग्णांचे निकाल तपासले गेले, त्यांपैकी 29 जणांना सलग किमान वर्षभर एकदाही तीव्र कळा आल्या नव्हत्या. अमेरिकेतली किंमत 22 लाख डॉलर. रुपयांत हिशेब केला तर अठरा कोटींच्या वर!

धडगावच्या किंवा एटापल्लीच्या रुग्णाने या आकड्याचं काय करायचं? दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकसंशोधन संस्थेने या दिशेने स्वतःचं क्रिस्पर तंत्र उभं केलं आहे. ‘बिरसा 101’ नावाने ते 2025च्या नोव्हेंबरात जाहीर झालं आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्यात आलं. ते स्वस्तात मिळावं, ही इच्छा आपल्या सर्वांची. पण तोवर हातावर हात ठेवून बसण्याचं कारण नाही. हायड्रॉक्सियुरिया नावाची कॅप्सूल स्वस्त आहे, जुनी आहे, आणि गंमत अशी, की तीही मुख्यतः गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवूनच काम करते. 1995 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत तिने कळांचे झटके जवळजवळ निम्म्यावर आणले. अट एकच, की डॉक्टरांच्या देखरेखीखाली रोज घ्यायची आणि ठरल्या वेळी रक्त तपासायचं. मूल हवं असेल तर त्याआधीच डॉक्टरांना सांगायचं.

आता तपासणीबद्दल. बोटाला टोचून रक्ताचा थेंब एका द्रावणात टाकतात आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा दिसल्या तर बहुधा ठीक. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, की पुढची तपासणी करून एएस की एसएस हे ठरवतात. एसएस म्हणजे आजार असलेला, एएस म्हणजे वाहक. वाहकाला आजार नसतो. उलट वाहकाला लहानपणी गंभीर मलेरियापासून थोडं संरक्षणच मिळतं. मलेरियाच्या पट्ट्यांत हे जनुक टिकून राहिलं, ते त्यामुळेच.

आई-वडील दोघेही वाहक असले, तर मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक. इथे एक घोटाळा सर्रास होतो. पहिलं मूल आजारी निघालं, आता पुढची तीन सुखरूप, असं लोक धरून चालतात. तसं नाही. प्रत्येक गरोदरपणात तीच शक्यता नव्याने असते. दुसऱ्या बाजूने, वाहकाचं लग्न वाहक नसलेल्याशी झालं, तर मूल एसएस होत नाही. म्हणून वाहक मुलीचं लग्न मोडणं हा शुद्ध अडाणीपणा आहे, आणि तो शिकलेल्या घरांतही चालतो. मुलीचा रिपोर्ट मागणाऱ्या घराने आपल्या मुलाचा तपासलेला असतो का, हे कुणी विचारत नाही.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सुरू झालं. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचं त्याचं उद्दिष्ट आहे. तुमच्या भागात सिकलसेल असेल, तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन तपासून घ्या. लग्न ठरण्याआधी घ्या, आणि मुलगा-मुलगी दोघांनीही घ्या.