छायाचित्रांच्या पाठीवरची नावे

(दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क येथे भरलेल्या वार्षिक संमेलनात एका ज्येष्ठ छायापत्रकार मित्राच्या गौरवप्रसंगी केलेले भाषण)



ज्यांचा आज आपण गौरव करीत आहोत, ते आमचे स्नेही पहिल्या रांगेत बसले आहेत. शेजारी प्राणवायूचे यंत्र आहे. "माझे नाव छापू नका, चित्रांतल्या माणसांची छापा," ही त्यांची अट आम्ही पाळीत आहोत.

छायापत्रकार प्रत्येक प्रसंगी हजर असतो आणि एकाही चित्रात दिसत नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात नामांतराचा ठराव झाल्यानंतर मराठवाड्यात जळालेल्या वस्त्या आमच्या या मित्राने पाहिल्या. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला, तेव्हाचे ओले डोळेही त्यांनीच टिपले. पुढे ते मुलाकडे आखातात आले. येथील गोदामांतून आणि कामगारांच्या निवासांतून राबणाऱ्या आपल्या बांधवांची छायाचित्रे सुटीच्या दिवशी काढून देत. मोबदला एक पेला चहा.

या प्रसंगी भारताच्या पहिल्या महिला छायापत्रकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या होमाई व्यारावाला यांचे स्मरण होते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत त्या शिकल्या. त्यांची आरंभीची छायाचित्रे पतीच्या नावाने छापली जात. १९५६ साली, म्हणजे बाबासाहेबांनी नागपुरास धम्मदीक्षा दिली त्याच वर्षी, नथु ला खिंडीतून सिक्कीममध्ये आलेल्या दलाई लामांचे छायाचित्र त्यांनी घेतले. बडोदे म्हटले की आपणांस १९१७ सालची पारशी धर्मशाळा आठवते. त्याच शहरात ही पारशी स्त्री वृद्धापकाळी एकटी राहिली. जानेवारी २०१२ मध्ये पडून खुब्याचे हाड मोडले, तेव्हा शेजाऱ्यांनीच त्यांना रुग्णालयात पोहोचविले. १५ जानेवारीस, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, त्या गेल्या. मात्र सबीना गडिहोक यांनी त्यांच्याशी बोलून २००६ सालीच पुस्तक सिद्ध केले होते; चित्रांमागची हकीकत मागे राहिली.

उलट उदाहरण कुलवंत रॉय यांचे. १९८४ साली ते निवर्तले आणि त्यांच्या छायाचित्रांच्या पेट्या आदित्य आर्य यांच्याकडे वीसहून अधिक वर्षे बंद राहिल्या. उघडल्या तेव्हा विचारावयास रॉय नव्हते.

होमाईंना फुप्फुसाचा जो विकार होता, त्याच जातीचा विकार आमच्या मित्रास आहे. वायुकोशांच्या भिंती जाड आणि कठीण होतात; हवा आत जाते, पण प्राणवायू रक्तात पुरेसा उतरत नाही. औषधांनी कधी वेग मंदावतो, झालेली हानी भरून येत नाही. त्यांनी आम्हांस स्पष्ट विचारले, आम्ही स्पष्ट सांगितले. पुष्कळ घरांतून रुग्णापासून सत्य मायेपोटी दडविले जाते. त्याने त्याचा उरलेला वेळच आपण हिरावून घेतो. आमचे मित्र क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "मग पेट्या आजच उघडू या."

त्या दोन पत्र्याच्या पेट्या आम्ही कित्येक वर्षे त्यांच्या पलंगाखाली पाहत होतो. त्यांच्या घरी जेवलो, वाद घातले, पण पेटी उघडा असे एकदाही म्हटले नाही. हा दोष आमचा आहे. बहुतेक छायाचित्रांच्या पाठी कोऱ्या आहेत. नावे आहेत ती फक्त त्यांच्या स्मरणात, आणि प्रत्येक नाव सांगताना त्यांना एक श्वास खर्चावा लागतो.

म्हणून पुष्पगुच्छांऐवजी आपणांस एक काम मागतो. सकाळच्या वेळी दोघे-तिघेच जावे, पंधरा मिनिटांहून अधिक बसू नये. गाव, साल, माणूस कोण ते विचारावे. 'हो' की 'नाही' एवढे बोटाने सांगता येईल असे प्रश्न करावेत. छायाचित्राच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहावे. निगेटिव्ह येथील दमट उष्णतेपासून जपाव्यात. मुलांना सोबत न्यावे. एखाद्या चित्रात त्यांची आजी सापडेल.

दादा, आपण आयुष्यभर आम्हांला म्हणालात, "जरा स्थिर उभे राहा." आज आम्ही आपल्यासमोर स्थिर उभे आहोत. आपण सांगा, आम्ही लिहून घेतो.

जयभीम! नमो बुद्धाय!