कणा कुणाचा, ओझं कुणाचं?

(सोलापुरात केलेलं भाषण)



मी गोदीत ओझं उचलतो, रात्री कविता लिहितो. शिक्षण मॅट्रिक. तुम्हाला डॉक्टरी शिकवायला उभा नाही. पण पाठीचा कणा हा एकट्या डॉक्टरांचा विषय नाही. कुणाच्या पाठीवर किती ओझं, हे या देशात आधी जातीनं ठरवलं, मग बाजारानं.

१९६७ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं शिफारस केली, गड्याच्या अंगावर ५५ किलोच्या वर ओझं नको. त्यानंतरही आपली माणसं साखरेचं शंभर किलोचं पोतं वाहतच होती. १९६९ ला महाराष्ट्रात माथाडी कायदा आला. पण ज्याची नोंदच नाही, त्याची पाठ कुणाच्या वहीत?

आणि पाठ मोडली तर? कण्यात स्क्रू, सळ्या बसवतात. त्याला एमआरआय लागतो, टेबलावरच हाड दाखवणारं सी-आर्म मशीन लागतं, भूल देणारा, रक्त आणि हात बसलेला सर्जन लागतो. यातलं एक नसलं तरी रोगी ताटकळतो. २०१५ साली लॅन्सेट आयोगानं हिशेब मांडला : जगात ५०० कोटी लोकांना सुरक्षित, परवडणारं ऑपरेशन वेळेवर मिळत नाही. त्या ५०० कोटींत आपल्या वस्त्या आहेत, भावांनो!

सोलापूरला १९६३ पासून मेडिकल कॉलेज आहे. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना पहिल्यांदा ज्या ८ जिल्ह्यांत आली, त्यात सोलापूर होतं. आज तिला महात्मा फुल्यांचं नाव आहे. जोतिबांचं नाव नुसतं फळ्यावर रंगवून भागत नाही. योजनेत मंजूर झालेल्या ऑपरेशनात स्क्रूचा खर्चही धरलेला असतो. कुणी ‘सामान बाहेरून आणा’ म्हणालं की सावकाराकडं पळू नका. लेखी मागा. आरोग्यमित्राला जाब विचारा.

आता आपल्या हातातलं. माणूस माळ्यावरून पडला की चौघं हातापायाला धरतात, चादरीत घालतात, रिक्षात दुमडतात. सोलापुरी चादर जगात भारी, पण तिच्यात कणा वाकतो. मोडलेलं हाड आतला मज्जारज्जू चिरडतं. फळी घ्या, नाहीतर दार उखडा. मान-पाठ एका रेषेत धरून सरकवा. १०८ ला फोन करा.

प्रत्येक पाठदुखीला चाकू लागत नाही. महिनोन्‌महिने पाठ दुखते, संध्याकाळी कणकण येते, वजन उतरतं, तर मणक्याचा टीबी तपासा. बहुतेकांचा तो गोळ्यांनी बरा होतो. वर्षभर किंवा जास्त घ्याव्या लागतात, सरकारी दवाखान्यात फुकट. पण पाय लुळे पडू लागले, लघवी अडली, जांघ बधिर झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

ऑपरेशन झालं म्हणजे सुटलो, असंही नाही. लुळ्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. नाहीतर पाठीला जखमा होतात, त्या चिघळून जीव घेतात. घरात बाईनं बिड्या वळायच्या की कूस बदलायची? या प्रश्नाला कुठलाच स्क्रू बसत नाही.

म्हणून नुसतं मशीन मागून गप्प बसायचं नाही. पोत्याचं वजन बांधून मागा. सिव्हिलमध्ये व्यायाम शिकवणारी माणसं मागा. अंथरुणाला खिळलेल्याच्या घरी भाकरीची सोय मागा.

आणि उद्या मार्केट यार्डात पहिली फळी आपणच नेऊन ठेवू.