काठी घेण्याआधी कारवीचं साल विचारा

(जूचंद्र येथील मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं बोलणं)



हप्ते जमा झाले, रजिस्टरवर सह्या झाल्या, चहाही झाला. आता दहा मिनिटं माझी. आजच्या विषयपत्रिकेवर लिहिलंय, ‘परसबागेच्या मांडवासाठी काठ्यांची खरेदी’. त्याबद्दल बोलतेच. पण त्याआधी एका फुलाबद्दल आणि माझ्या एका चुकीबद्दल सांगायचं आहे.

चंडिकादेवीच्या दर्शनाला आपण सगळ्याच टेकडी चढतो. वर गेल्यावर दम खात पूर्वेला बघा. हायवेच्या पलीकडे तुंगारेश्वरचे, कामणचे डोंगर दिसतात. त्या डोंगरांत मोठ्या झाडांच्या सावलीत, उतारावर, एक झुडूप दाटीनं वाढतं. पानं खरखरीत, काठ्या सरळ आणि डोक्याच्या वर जाणाऱ्या. ही कारवी. तुमच्यापैकी ज्यांचं माहेर वाडा, जव्हार, डहाणूकडचं आहे, त्यांना मी काय सांगणार? तुमच्या आजीच्या घराचा कुड कारवीचाच असेल. काठ्या उभ्या बांधायच्या, वर शेणमातीचा लेप द्यायचा. लग्नात वारली बायका तांदळाच्या पिठानं चौक लिहितात, तोही याच कुडावर. आपलं जूचंद्र रांगोळीचं गाव म्हणून ओळखलं जातं. जमिनीवर किंवा भिंतीवर काढायचं काम आपल्या हातांना नवीन नाही. पण त्या भिंतीच्या आत कोणती काठी आहे, ती कुठून आली, हे मी तरी कधी विचारलं नव्हतं.

कारवी जगात सगळीकडे मिळत नाही. आपला सह्याद्री आणि त्याला लागून असलेले डोंगर, एवढंच तिचं मुख्य घर. बोरिवलीचं नॅशनल पार्क, माळशेज, भीमाशंकर, हरिश्चंद्रगड, सगळीकडे ती आहे. साताऱ्याच्या कास पठारावर तिची एक बहीण आहे, टोपली कारवी. ती बुटकी आणि गोल, उलट्या टोपलीसारखी. आपली कारवी उंच.

आता तिची खासियत ऐका. बी रुजल्यावर सात वर्षं ती नुसती पानं काढते. पावसात हिरवी होते, उन्हाळ्यात वाळल्यासारखी दिसते, पुन्हा पावसात हिरवी. असं करत करत आठव्या पावसाळ्यात फुलते. एक-दोन झुडपं नाहीत, अख्खा डोंगर एकदम. श्रावण-भाद्रपदात उतार जांभळे-निळे होतात. मधमाश्या तुटून पडतात, कारवीचा मध दाट आणि गडद असतो. मग फळं धरतात, ती वाळतात आणि झुडूप मरून जातं. पुढच्या वर्षी पहिल्या पावसाचं पाणी लागलं की वाळलेली फळं तडतड फुटतात आणि बी लांब उडतं. त्यातूनच नवी कारवी.

म्हणजे आयुष्यात फूल एकदाच, बी एकदाच. बांबूचंही असंच असतं, तो फुलला की मरतो, हे तुम्हाला माहीत आहे. केरळात मुन्नारला कारवीच्याच जातीतली नीलकुरिंजी आहे, ती बारा वर्षांनी फुलते. २०१८ साली फुलली होती. सगळ्या झुडपांनी एकाच वर्षी का फुलायचं? अभ्यासक एक कारण असं देतात की एवढं बी एकदम पडलं की उंदीर, पाखरं, किडे खाऊन खाऊन किती खातील? उरतंच. थोडंथोडं दरवर्षी पडलं असतं तर सगळं फस्त झालं असतं.

प्रत्येक डोंगराचं साल मात्र वेगळं असू शकतं. खाडीपलीकडे बोरिवलीच्या नॅशनल पार्कात २००८, २०१६ आणि २०२४ साली फुलली. शेजारच्या एखाद्या डोंगराचं साल दुसरंच असेल.

आता माझी चूक.

मी समाजकार्याची पदवी घेऊन या कामाला लागले, तेव्हा पहिल्याच पावसाळ्यात परसबागेचं काम हाती घेतलं. दोडका, काकडी, कारली, घोसाळी. वेल चढवायला मांडव पाहिजे, मांडवाला काठ्या पाहिजेत. बांबू महाग पडत होता. एका माणसानं कारवीच्या मोळ्या निम्म्याहून कमी भावात घरपोच दिल्या. मी खूश. बैठकीत उभं राहून सांगितलं, बघा किती पैसे वाचवले. तुम्ही टाळ्याही वाजवल्या होत्या, आठवतंय ना?

त्यातल्या दोन मोळ्या डोंगराखालच्या एका पाड्यावरच्या गटाला द्यायला मी स्वतः गेले. तिथल्या एका आजीनं काठी हातात घेतली, नखानं साल खरवडली. आत हिरवी, ओली. मला म्हणाली, “पोरी, ही जिती तोडलेली हाय. अजून फुलायची होती.”

मी म्हटलं, “आजी, काठी तर काठी. तुम्ही पण घराला कारवीच वापरता की.”

ती म्हणाली, “आम्ही फुलून, बी पडून मेलेली आणतो. ती वाळलेलीच असते, डोंगराला तिचं काम नसतं. ही सहा-सात पावसाळे थांबली होती. वर्ष-दोन वर्षं तुम्हाला थांबवलं नाही.”

आणि तिनं मोळी घेतली नाही. त्या गटानं त्या वर्षी जुन्या काठ्या आणि सुतळीवर भागवलं. मी परत येताना हिशेब करत होते. मी पैसे वाचवले म्हणत होते, पण खर्च झालाच होता, तो फक्त आपल्या वहीत आला नव्हता. जी कारवी फुलण्याआधी तुटली, तिचं बी डोंगराला मिळालं नाही. मधमाश्यांना फूल नाही, पाड्यावरच्या मध काढणाऱ्यांना मध नाही. आणि उतारावर दाट कारवी असली की पावसात माती धरून राहते. ती माती खाली येते ती कुणाच्या भातशेतात, ओढ्यात? आपल्याच.

आणखी एक गोष्ट मला तेव्हा विचारायला हवी होती. तुंगारेश्वर हे अभयारण्य आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं अभयारण्यातून परवानगीशिवाय लाकूड, काठी, काहीच आणता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहणाऱ्यांचे हक्क २००६ च्या वन हक्क कायद्यानं मान्य केले आहेत, ते त्यांचे. पण भाव कमी म्हणून टेम्पोनं माल आणणारा व्यापारी आणि घरापुरती वाळलेली काठी आणणारी आजी, हे एक नाहीत. मी त्या व्यापाऱ्याला माल कुठून आणला, एवढंही विचारलं नाही.

म्हणून आज खरेदीचा ठराव मांडताना माझं म्हणणं असं.

पहिलं, कारवीच्या ओल्या काठ्या आपण घ्यायच्या नाहीत. काठी कुणीही आणून दिली तरी नखानं खरवडून बघा. आत हिरवी असेल तर परत पाठवा आणि कुठून आणली ते विचारा.

दुसरं, मांडवाला बांबू घ्यायचा. खर्च जास्त येईल, हे मी लपवत नाही. पण बांबू मांडवाखालून काढून, वाळवून, छपराखाली ठेवला तर पुढच्या हंगामाला पुन्हा चालतो. ज्यांच्याकडे बांध आहे, त्यांनी या पावसात एक-दोन बांबूची रोपं लावावीत. तीन-चार वर्षांनी काठ्या घरच्या होतील. तोवर एकदम पैसे काढणं जड जाईल त्यांना गटातून छोटं अंतर्गत कर्ज देता येईल का, ते प्रत्येक गटानं आपल्या बैठकीत ठरवावं.

तिसरं, डोंगराच्या कडेला राहणाऱ्या ताईंसाठी. जिथं कारवी नुकतीच फुलून गेली, तिथं आता बोटभर, वीतभर रोपं आहेत. गवत जाळायला लावलेली आग तिकडे गेली तर ती सगळी एकदम जातील आणि पाठीमागे दुसरं बी शिल्लक नाही. वणवा दिसला तर थांबू नका, वनखात्याला आणि गावाला लगेच कळवा.

बोरिवलीची कारवी पुढे फुलेल २०३२ साली. आज ज्यांची मुलगी पहिलीत आहे, ती तेव्हा हायस्कुलात असेल. तिला घेऊन बघायला जाऊ.

ठरावावर मत पुढच्या बैठकीत. तोपर्यंत आपापल्या गटात बोला आणि माझं पटलं नाही तर तेही येऊन सांगा. त्या आजीनं मला तोंडावर सांगितलं, म्हणूनच मला कळलं.